झिजलेला नाइट गार्ड कधी बदलावा : घरच्या तपासणीपासून नव्या गार्डच्या पहिल्या महिन्यापर्यंत

झोपेत दात खाण्याच्या सवयीसाठी दंतवैद्याकडून नाइट गार्ड करून घेतला की काही महिन्यांत त्यावर ओरखडे, सपाट चकत्या आणि बारीक खड्डे दिसू लागतात, आणि मग तो अजून चालेल की नवा करावा असा प्रश्न पडतो. याचे उत्तर बहुधा वर्षांच्या आकड्यात दिले जाते. आकडा लक्षात ठेवायला सोपा असतो, परंतु त्यावर विसंबल्यामुळे कधी चांगला गार्ड फेकला जातो, तर कधी निकामी झालेला गार्ड उगाच तोंडात राहतो. गार्ड मुळात झिजण्यासाठीच असतो. दाताचे कठीण कवच, म्हणजे इनॅमल, दाढेच्या उंचवट्यावरही जेमतेम अडीच मिलिमीटर जाड असते आणि एकदा झिजले की पुन्हा तयार होत नाही. म्हणून त्याच्याऐवजी झिजायला एक बदलता येण्याजोगी वस्तू मध्ये ठेवलेली असते. तेव्हा झीज दिसली म्हणून घाबरण्याचे कारण नाही.

विचारायचे प्रश्न तीन आहेत. वरचे आणि खालचे दात हा गार्ड अजून सर्व ठिकाणी एकमेकांपासून दूर ठेवतो का? पहिल्या दिवशी जसा घट्ट आणि न हलता बसत होता, तसाच आजही बसतो का? सकाळी तो काढल्यावर दात पूर्वीसारखेच एकमेकांवर जुळतात का? यांपैकी एकाचेही उत्तर ‘नाही’ असेल, तर गार्ड सहा महिन्यांचा असो वा सहा वर्षांचा, त्याच्याबाबत काहीतरी करायची वेळ आली आहे. तिन्ही उत्तरे ‘हो’ असतील तर केवळ तारीख उलटली म्हणून खर्च करण्याची गरज नाही.

आपल्याकडे कोणता गार्ड आहे ते आधी ओळखावे

‘नाइट गार्ड’ या एकाच नावाखाली बऱ्याच वेगळ्या वस्तू दिल्या जातात, आणि त्यांचे आयुष्य सारखे नसते. बोटांनी दाबला असता रबरासारखा वाकणारा गार्ड मऊ प्रकारचा असतो. एथिलीन व्हिनाइल अ‍ॅसिटेट या प्लास्टिकचा तापवलेला पत्रा दातांच्या प्लास्टरच्या साच्यावर ओढून तो तयार करतात. टेबलावर हलकेच आपटल्यावर टणक आवाज करणारा आणि अजिबात न वाकणारा गार्ड कडक अ‍ॅक्रिलिकचा, म्हणजे कवळी ज्या जातीच्या पदार्थाची असते त्याच जातीचा असतो. तो लॅबमध्ये हाताने घडवतात, ठोकळ्यातून यंत्राने कोरतात किंवा अलीकडे थ्रीडी प्रिंटरवर रेझिनमध्ये छापतात. दाताकडच्या आतल्या बाजूला नख रुतते आणि बाहेरून मात्र टणक लागते असा गार्ड दुपदरी असतो. याखेरीज औषधाच्या दुकानात किंवा ऑनलाइन मिळणारा, गरम पाण्यात मऊ करून स्वतःच चावून बसवायचा प्रकार आहे. तो फार तर दवाखान्यात माप देऊन खरा गार्ड हाती येईपर्यंतचा तात्पुरता आधार समजावा.

सर्वसाधारण अंदाज असा की मऊ गार्ड काही महिन्यांपासून वर्ष-दीड वर्षापर्यंत, दुपदरी दोन ते तीन वर्षे आणि कडक अ‍ॅक्रिलिकचा तीन ते पाच वर्षे किंवा त्याहूनही अधिक टिकतो. जोरात दात खाणारी व्यक्ती मऊ गार्डला तीन-चार महिन्यांत भोक पाडू शकते, तर केवळ अधूनमधून दात आवळणाऱ्याचा कडक गार्ड सात-आठ वर्षांनीही ठणठणीत सापडतो. एकाच माणसाचा मऊ गार्ड वारंवार फाटत असेल, तर पुन्हा तसाच मागवण्याऐवजी प्रकार बदलण्याविषयी विचारावे. अमेरिकेतील दंतवैद्य जेफ्री ओकेसन यांनी १९८७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका छोट्या अभ्यासात १० पैकी ८ जणांमध्ये कडक गार्डने रात्रीची स्नायूंची हालचाल कमी झाली, तर मऊ गार्डने ती केवळ एकामध्ये कमी झाली आणि पाच जणांमध्ये उलट वाढली. दहा माणसांवरून सर्वांसाठी नियम काढता येत नाही. तरीही ‘मऊ म्हणजे जबड्याला आराम’ हे गृहीतक तपासून घ्यावे एवढे त्यातून नक्की कळते.

एक गल्लत आवर्जून टाळावी. दात सरळ करण्याचे उपचार संपल्यावर दिला जाणारा पारदर्शक रिटेनर हा नाइट गार्ड नव्हे. तो दात जागेवर ठेवण्यासाठी असतो, साधारण एक मिलिमीटर किंवा त्याहूनही पातळ असतो, आणि दात खाणाऱ्याच्या तोंडात फार काळ तग धरत नाही. रिटेनरला वारंवार भोके पडत असतील, तर ती दंतवैद्याला दाखवावीत; दोन्ही कामे करणारे जाड उपकरण करता येते. खेळताना घालायचा माउथगार्ड आणि घोरण्यासाठी खालचा जबडा पुढे ओढणारे उपकरण हीदेखील वेगळी साधने आहेत, आणि या लेखातील निकष त्यांना लागू होत नाहीत.

झीज वाचायला शिकावे

प्रौढ माणूस जागेपणी दाढांनी पूर्ण जोर लावून चावतो तेव्हा साधारण ५० ते ७० किलो वजनाएवढा दाब पडतो. झोपेत दात खाताना काही जणांच्या बाबतीत हा दाब जागेपणीच्या कमाल दाबालाही मागे टाकतो, कारण दुखू लागताच जोर आवरून घेण्याची जी सावधगिरी जागेपणी असते ती झोपेत तेवढी नसते. एवढा जोर कोठे पडतो याची नोंद गार्डच्या पृष्ठभागावर रोज उमटत असते. चपलेची टाच कोणत्या बाजूने झिजली यावरून माणसाची चाल ओळखता येते, तसाच हा प्रकार आहे.

समोरच्या दाताच्या टोकाएवढा, खोल आणि स्वच्छ कडांचा खड्डा दिसत असेल तर दात एकाच जागी आवळले जात असण्याची शक्यता अधिक. सुळ्यांच्या जागेपासून मागे किंवा बाहेर गेलेले लांब, घासल्यासारखे पट्टे दिसत असतील तर जबडा बाजूला सरकवून दात घासले जात आहेत. पुढच्या दातांच्या भागातच झीज असेल तर खालचा जबडा पुढे येत आहे. दोन्ही बाजूंना सारखी, सपाट, हळूहळू वाढणारी झीज ही अपेक्षित गोष्ट आहे. एकाच बाजूची झीज मात्र दाखवण्याजोगी असते, कारण तिचा अर्थ गार्ड पहिल्यापासून असमान टेकत होता, किंवा मध्यंतरी एखादा दात, फिलिंग किंवा कॅप बदलल्यामुळे तसा टेकू लागला, असा असू शकतो. अशा वेळी मूळ कारण तसेच ठेवून नवा गार्ड केला तर तोही त्याच बाजूने झिजेल.

झिजण्याचा वेगही पाहावा. तीन वर्षे जेमतेम ओरखडे पडलेल्या गार्डला अचानक चार महिन्यांत खड्डे पडले, तर गार्ड खराब निघाला असे समजण्यापूर्वी या चार महिन्यांत काय बदलले ते आठवावे. फ्लुओक्सेटीन, सर्ट्रालीन, व्हेन्लाफॅक्सीन यांसारख्या नैराश्यावरील औषधांमुळे काही जणांमध्ये दात खाणे सुरू होते किंवा वाढते. असे वाटल्यास औषध स्वतःहून बंद न करता ते लिहून देणाऱ्या डॉक्टरांना सांगावे. रात्रीचे मद्यपान, तंबाखू, दिवसभरातील चहा-कॉफीचे प्रमाण, झोपेच्या वेळा आणि ताण यांचाही संबंध असतो. मोठ्याने घोरणे, झोपेत श्वास अडकल्याचे घरच्यांनी पाहणे आणि दिवसा पेंग येणे ही लक्षणे सोबत असतील, तर आधी झोपेतील श्वासरोधाची तपासणी करून घ्यावी. वरच्या जबड्याच्या गार्डमुळे काही रुग्णांचा श्वासरोध वाढल्याचे आढळले आहे, त्यामुळे येथे नुसता जाड गार्ड मागवणे हा उपाय ठरत नाही. गार्ड दातांचे रक्षण करतो; दात खाणे थांबवण्याची हमी तो देत नाही.

महिन्यातून एकदा घरी करायची तपासणी

या तपासणीला पाच-सात मिनिटे लागतात. ती सकाळी, दिवसाच्या उजेडात करावी. रात्री झोपेच्या घाईत काही दिसत नाही.

पहिली पायरी : गार्ड साध्या थंड पाण्याने आणि मऊ ब्रशने धुऊन स्वच्छ कापडाने टिपावा आणि काही मिनिटे पूर्ण वाळू द्यावा. ओल्या पृष्ठभागावर बारीक चिरा लपतात. वाळल्यावर त्या पांढरट रेषांसारख्या दिसतात.

दुसरी पायरी : गार्ड खिडकीकडे किंवा मोबाइलच्या टॉर्चसमोर धरून हळूहळू फिरवावा. आतपर्यंत गेलेली चीर प्रकाशात चमकते, वरवरचा ओरखडा चमकत नाही. त्यानंतर अंगठा आणि तर्जनी यांच्या चिमटीत एकेक दाढेचा भाग धरून डाव्या-उजव्या बाजूंची जाडी ताडून पाहावी. मऊ गार्डमध्ये पातळ झालेला भाग चिमटीत चटकन कळतो. कडक गार्डमध्ये तो बोटांना कळेलच असे नाही, कारण तेथे अर्ध्या मिलिमीटरचा फरकही महत्त्वाचा असतो. दंतवैद्याकडे जाडी मोजण्याचा छोटा गेज असतो. सहामाही तपासणीच्या वेळी सर्वांत खोल खड्ड्याखाली किती जाडी उरली आहे ती मोजून आकडा सांगण्याची विनंती करावी. तो आकडा लिहून ठेवला तर पुढच्या वेळी झिजण्याचा वेग आपोआप कळतो.

तिसरी पायरी : कापसाचा छोटा बोळा सर्व कडांवरून आणि आतल्या बाजूने हलकेच फिरवावा. जेथे तंतू अडकतील तेथे खडबडीत कड, टवका किंवा चीर आहे. जिभेला बारीक टवकाही आहे त्यापेक्षा मोठा वाटतो, त्यामुळे नुसत्या जिभेच्या साक्षीवर जाऊ नये. उलट जीभ सरावली की खरा टवकाही तिला जाणवेनासा होतो.

चौथी पायरी : गार्ड तोंडात बसवावा. काही रात्री वापरला नसेल तर तो थोडा घट्ट लागतो आणि दोन-चार मिनिटांत सैलावतो. तेवढ्यात बसला नाही तर दातांनी चावून जबरदस्तीने बसवू नये. न बसण्याचा अर्थ दात हलले आहेत किंवा गार्ड वाकला आहे. बसल्यावर एका बाजूच्या दाढेवर बोटाने दाबावे आणि दुसरी बाजू उचलते का ते पाहावे. पुढच्या भागावर दाबून मागचा भागही तपासावा. सुरुवातीला बोटाने ओढल्याशिवाय न निघणारा गार्ड आता जिभेने सहज निघत असेल, किंवा सकाळी उशाशी सापडत असेल, तर त्याची पकड गेली आहे.

पाचवी पायरी : गार्ड तोंडात असतानाच पातळ कागदाची सुमारे एक सेंटीमीटर रुंदीची पट्टी आळीपाळीने डाव्या आणि उजव्या दाढांमध्ये धरून दात हलकेच मिटावे आणि पट्टी ओढून पाहावी. दोन्हीकडे ती साधारण सारखीच पकडली गेली पाहिजे. एका बाजूला घट्ट आणि दुसऱ्या बाजूला सहज सुटत असेल तर गार्ड असमान टेकत आहे. ही घरगुती चाचणी निदानासाठी नाही. गेल्या महिन्यापेक्षा काही बदलले का एवढेच ती सांगते, आणि तिचा निकाल पाहून नखाच्या कानशीने गार्ड घासू बसू नये.

सहावी पायरी : गार्ड काढल्यावर सकाळी दात जुळवून पाहावे. रात्रभर स्नायू वेगळ्या स्थितीत राहिल्याने काही मिनिटे, क्वचित अर्धा तास, दात किंचित वेगळे टेकल्यासारखे वाटणे सामान्य आहे. नाश्त्याच्या वेळेपर्यंतही दाढा एकमेकींना भेटत नसतील, किंवा पुढचे दात आधी टेकून मागे फट राहत असेल, तर तो दिवस आणि वेळ लिहून ठेवावी. सलग काही दिवस तसेच झाले तर दंतवैद्याला भेटावे.

शेवटी दोन छायाचित्रे काढावीत : एक वरून, एक आतून, दर वेळी त्याच गडद कापडावर आणि त्याच खिडकीजवळ. माझ्या मते या सगळ्या तपासणीत सर्वांत उपयोगी आणि सर्वांत दुर्लक्षित गोष्ट हीच आहे. रोज पाहिलेल्या वस्तूतला बदल डोळ्यांना कळत नाही. सहा महिन्यांपूर्वीचे छायाचित्र शेजारी ठेवले की तो लगेच कळतो, आणि दंतवैद्यालाही ‘बरेच झिजले आहे’ या वाक्यापेक्षा ते अधिक सांगून जाते.

शरीर देत असलेल्या खुणा

गार्ड दिसायला ठीक असूनही काम करत नसेल तर ते तोंडाला आधी कळते. सकाळी कानशिलांत ठणका, गालाचे स्नायू ताठलेले, तोंड उघडताना दुखणे, थंड पाण्याने दात नव्याने सळसळणे, एखाद्या दाताचा कोपरा उडणे, कॅप सैल होणे ही लक्षणे गार्ड वापरायला लागल्यावर कमी झाली होती आणि आता परतली असतील, तर गार्ड तपासून घ्यावा. ही लक्षणे पहिल्यापासून कधी कमीच झाली नसतील, तर प्रश्न झिजण्याचा नसून गार्डच्या मूळ घडणीचा किंवा निदानाचा असू शकतो. कानशिलातील दुखण्याला इतरही कारणे असतात. पन्नाशीनंतर नव्याने सुरू झालेली कानशिलातील डोकेदुखी, विशेषतः चावताना जबडा भरून येणे किंवा दृष्टीत बदल यांच्यासह, दातांवर न ढकलता तातडीने डॉक्टरांना दाखवावी.

काही परिस्थितीत पुढच्या भेटीची वाट न पाहता त्याच रात्रीपासून गार्ड घालणे थांबवावे. आरपार चीर गेली असेल किंवा तुकडा निघाला असेल, तर झोपेत तो गिळला किंवा श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. कडेमुळे हिरडीला किंवा गालाला जखम होत असेल, एखादा दात हलू लागला असेल, गार्ड घातल्यावर तोंडाची आग होऊन ओठ सुजत असतील, किंवा दात दिवसभर पूर्ववत जुळत नसतील, तरीही तसेच करावे. गार्ड थांबवल्यावरही तोंडातील जखम दोन आठवड्यांत भरली नाही तर ती तपासून घेतलीच पाहिजे. तंबाखू, मिश्री किंवा गुटख्याची सवय असणाऱ्यांनी तर ‘गार्ड लागला असेल’ या समजुतीवर एकही दिवस अधिक घालवू नये.

दुरुस्ती चालेल की नवाच हवा

कडक अ‍ॅक्रिलिकच्या गार्डची बरीच दुरुस्ती होऊ शकते, हे अनेकांना सांगितलेच जात नाही. खोल खड्ड्यांमुळे जबडा त्यांत अडकत असेल, परंतु खाली पुरेशी जाडी असेल, तर दंतवैद्य पृष्ठभाग घासून पुन्हा सपाट करतात आणि रंगीत कागदाने टेकण्याच्या जागा जुळवून चकाकी देतात. पातळ झालेल्या भागावर नवे अ‍ॅक्रिलिक चढवता येते. सैल झालेल्या गार्डला आतून अस्तर भरता येते. छापील रेझिनच्या गार्डची दुरुस्ती त्या पदार्थावर अवलंबून असते. मऊ गार्ड मात्र भोक पडल्यावर बदलावाच लागतो, कारण त्यावर भर टिकत नाही, आणि दुपदरी गार्डचे पदर सुटू लागले तर मधल्या फटीत लाळ आणि जंतू साचतात, म्हणून तोही बदलावा.

दुरुस्तीपेक्षा नवा गार्ड श्रेयस्कर ठरतो तो पुढील परिस्थितीत : आरपार भोक किंवा चीर दाताच्या थेट खाली असणे, उष्णतेने संपूर्ण गार्ड वाकणे, एकापेक्षा अधिक दातांची ठेवण बदललेली असणे, एकदा भर घातलेली जागा पुन्हा तुटणे, किंवा साफ करूनही न जाणारा वास आणि आत रुजलेले कीटण. नुसता पिवळेपणा हे कारण नव्हे. मऊ गार्ड लाळेने आणि काळाने पिवळा पडतोच, आणि रात्री हळदीचे दूध पिऊन लगेच गार्ड घालणाऱ्यांचा तर आठवड्याभरात पडतो. तो तेवढ्याने निकामी होत नाही.

तुटलेला गार्ड घरी फेविक्विकसारख्या गोंदाने चिकटवू नये. सांधा तोंडातील दाबाखाली टिकत नाही, गोंदाच्या थराने गार्ड वर उचलला जाऊन चुकीचा टेकतो, आणि ते रसायन रात्रभर हिरडीला लागून ठेवण्यासाठी बनलेलेही नसते.

दातांची इतर कामे आणि गार्ड

गार्ड अवेळी बाद होण्याचे एक अगदी टाळता येण्याजोगे कारण दवाखान्यातच घडते. नवीन कॅप बसवली, मोठे फिलिंग केले, दात काढला, इम्प्लांट बसवला, की दातांचा आकार बदलतो आणि जुना गार्ड त्या जागी अडतो किंवा उचलला जातो. म्हणून दातांच्या कोणत्याही कामाला जाताना गार्ड डबीत घालून सोबत न्यावा आणि काम सुरू होण्यापूर्वीच तो असल्याचे सांगावे. एकाच कॅपचा प्रश्न असेल तर बऱ्याचदा गार्डची आतली बाजू त्या दातापुरती कोरून आणि पुन्हा अस्तर भरून काम भागते. तीन-चार कॅप, अक्कलदाढा काढणे किंवा तारेचे उपचार पुढे ठरलेले असतील, तर आधी ती कामे पूर्ण करून मग नवा गार्ड करणे शहाणपणाचे. तोवर दात उघडे राहू नयेत म्हणून जुनाच जुळवून देता येईल का, ते विचारावे.

लहान मुलांचा प्रश्न निराळा आहे. मुलांनी झोपेत दात खाल्ले की जंत झाले असे घरोघरी म्हटले जाते; दात खाणे हे जंतांचे खात्रीचे लक्षण नाही. दुधाचे दात पडून नवे येण्याच्या वयात गार्ड काही महिन्यांत बसेनासा होतो आणि वाढत्या जबड्याला तो जखडूही शकतो. त्यामुळे मुलांना गार्ड क्वचितच देतात, आणि दिल्यास तो बालदंतवैद्याच्या नजरेखाली ठेवावा.

आयुष्य कमी करणाऱ्या रोजच्या गोष्टी

स्वच्छतेबद्दल मोजकेच सांगण्यासारखे आहे. सकाळी काढल्याबरोबर, लाळ वाळण्यापूर्वी, थंड पाणी, मऊ ब्रश आणि थेंबभर सौम्य हात धुण्याचा साबण यांनी तो साफ करावा. टूथपेस्ट, दंतमंजन, राखुंडी यांतील कण दाताला चालतात की नाही हा वेगळा वाद. प्लास्टिकवर ते सूक्ष्म ओरखडे पाडतात आणि त्यांत जंतू व डाग बसतात. आठवड्यातून एक-दोनदा कवळीसाठी मिळणाऱ्या गोळीच्या पाण्यात, वेष्टनावर लिहिलेल्या वेळेपुरता ठेवावा. ब्लीच आणि अल्कोहोलयुक्त माउथवॉश वापरू नये. अल्कोहोलने अ‍ॅक्रिलिकवर जाळीदार चिरा पडतात. धुतल्यावर हवेशीर छिद्रांच्या डबीत ठेवावा. कोरडा ठेवायचा की पाण्यात, हे पदार्थानुसार बदलते, म्हणून करून देणाऱ्याने सांगितलेली पद्धत पाळावी.

उष्णता हा गार्डचा खरा शत्रू आहे. निर्जंतुक करण्याच्या हेतूने तो उकळणे म्हणजे नव्या गार्डचा खर्च ओढवून घेणे होय. काही विशिष्ट गार्ड घालण्यापूर्वी कोमट पाण्यात मऊ करायचे असतात. तशी स्पष्ट सूचना मिळालेल्यांनीच ते करावे. विदर्भ-मराठवाड्यातील एप्रिल-मे महिन्यांत उन्हात उभ्या केलेल्या गाडीच्या कप्प्यात गार्ड ठेवल्यास दुपारभरात त्याचा आकार बदलू शकतो. प्रवासात तो हातातील पिशवीत, डबीतच ठेवावा. कागदी रुमालात गुंडाळलेले गार्ड कचऱ्यात जातात, आणि उघड्यावर ठेवलेले गार्ड लाळेच्या वासामुळे पाळीव कुत्रे आवडीने चघळतात. कुत्र्याने चावलेला गार्ड धुऊन वापरू नये.

नवा गार्ड करून घेताना

भेटीला जाताना जुना गार्ड, तो कितीही वाईट अवस्थेत असला तरी, न्यावा. नवा हाती येईपर्यंत तो फेकू नये. त्यावरील झीज ही दंतवैद्याला मिळू शकणारी सर्वांत प्रामाणिक माहिती आहे, कारण झोपेत काय घडते ते रुग्णाला स्वतःला ठाऊक नसते. सोबत छायाचित्रे, नव्याने सुरू झालेल्या औषधांची यादी आणि सकाळच्या लक्षणांची नोंद असावी.

काही गोष्टी आधीच विचारून घ्याव्यात. गार्ड कोणत्या पदार्थाचा आणि किती जाड असेल, वरच्या जबड्याला असेल की खालच्या, तो सर्व दातांवर बसणारा असेल का, हे विचारावे. केवळ पुढच्या काही दातांवर बसणारे छोटे उपकरण दीर्घकाळ, देखरेखीविना वापरल्यास मागच्या दाढा वर येऊन दातांची ठेवण बिघडू शकते, शिवाय ते गिळले जाण्याचाही धोका असतो. गार्ड बसवल्यानंतरच्या जुळवणीच्या भेटी सांगितलेल्या रकमेत धरल्या आहेत का, तेही स्पष्ट करून घ्यावे. हा शेवटचा प्रश्न संकोचामुळे राहून जातो, पण माझ्या मते कमी किमतीचा, नीट जुळवलेला गार्ड महागड्या आणि नुसत्या हाती दिलेल्या गार्डपेक्षा चांगला.

माप दोन प्रकारे घेतात : तोंडात पेस्टचा साचा भरून किंवा स्कॅनरने. स्कॅन केला असेल तर त्याची फाइल जपून ठेवायला सांगावे. दात बदलले नसतील तर हरवलेला गार्ड पुन्हा माप न देता तयार होऊ शकतो. प्लास्टरचा साचा मिळाला तर तो घरी ठेवावा. त्यावर गार्ड बसवून पाहिले की गार्ड वाकला आहे की दात हलले आहेत, हा एरवी अवघड असणारा प्रश्न मिनिटभरात सुटतो : साच्यावर व्यवस्थित बसतो आणि तोंडात बसत नाही, म्हणजे दात हलले.

खासगी दवाखान्यातील खर्च परवडत नसेल तर शासकीय आणि महापालिकेच्या दंत महाविद्यालयांच्या रुग्णालयांत प्रोस्थोडॉन्टिक्स, म्हणजे कवळी आणि कृत्रिम दातांच्या, विभागात चौकशी करावी. मुंबईत सेंट जॉर्जेस रुग्णालयाच्या आवारातील शासकीय दंत महाविद्यालय आणि मुंबई सेंट्रल येथील नायर रुग्णालय दंत महाविद्यालय, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय दंत महाविद्यालये, तसेच गोव्यात बांबोळी येथील गोवा दंत महाविद्यालय ही अशी ठिकाणे आहेत. तेथे शिकाऊ डॉक्टर प्राध्यापकांच्या देखरेखीखाली काम करतात, त्यामुळे फेऱ्या अधिक आणि वेळ जास्त लागतो, हे धरून चालावे.

पहिला महिना

नवा गार्ड दवाखान्यातच घालून, आडवे होऊन, दात मिटून आणि जबडा दोन्हीकडे सरकवून पाहावा. बसल्या स्थितीत ठीक वाटणारा गार्ड पाठीवर झोपल्यावर थोडा वेगळा टेकू शकतो. पहिल्या काही रात्री लाळ अधिक सुटते, बोलणे जड होते, दातांना दाब जाणवतो. हे आठवड्याभरात ओसरते. एखाद्याच दातावर सतत दुखणारा दाब ओसरण्याची वाट पाहण्यासारखा नसतो, तो जुळवून घ्यावा. एक-दोन आठवड्यांनी पहिली आणि महिन्या-दीड महिन्याने दुसरी जुळवणी करावी, कारण स्नायू सैलावले की जबडा किंचित वेगळ्या जागी मिटू लागतो आणि पहिल्या दिवशीचे टेकणे बदलते. मधल्या काळात आज जुना, उद्या नवा असे करू नये. दोन गार्ड दात वेगळ्या पद्धतीने टेकवतात आणि स्नायूंची दुखणी वाढतात.

दुसऱ्या जुळवणीनंतर नव्या गार्डची पहिली दोन छायाचित्रे काढावीत आणि मोजलेली जाडी तारखेसह त्यांच्याजवळ लिहून ठेवावी. जुना गार्ड न तुटलेला आणि अजून बसणारा असेल तर प्रवासात नवा हरवल्यास दोन-चार रात्रींची सोय म्हणून, स्वच्छ करून, वेगळ्या रंगाच्या डबीत ठेवायला हरकत नाही. तो बसत नसेल किंवा चिरलेला असेल तर त्याचे छायाचित्र ठेवून तो सुक्या कचऱ्यात टाकावा.